बायपास पूर्ण होईपर्यंत

आमच्या शहरात एखाद्याला नाही म्हणायचं असेल पण तोंडावर म्हणवत नसेल, तर लोक म्हणतात, "बायपास झाला की बघू." लग्न कधी करतोस? बायपास झाला की. गच्चीची गळती कधी काढणार? बायपास झाला की. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी नकाशावर शहराला वळसा घालून एक रेघ ओढली, शेतांमधून नंबर घातलेले पांढरे दगड रोवले, एक बोर्ड उभा केला आणि सगळे आपापल्या घरी गेले. ट्रक आजही मेन रोडवरून जातात. म्हणजे शाळेच्या फाटकासमोरून, आणि फाटकासमोर असलेल्या माझ्या दुकानासमोरून.

दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, फोटो आणि सरकारी अर्ज भरून देणं. खिडकीला लागून संगणक आहे, त्यामुळे दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी असतात, स्क्रीन आणि रस्ता. रस्त्यावर एकोणीस वर्षं झेंडामावशी होती.

तिच्या नोकरीची गोष्ट अशी. एकोणीस वर्षांपूर्वी फाटकासमोर दोन भावंडं ट्रकखाली गेली. मावशी तेव्हा शाळेत झाडलोट करायची. आवाज ऐकून सगळ्यांत आधी धावली ती, आणि धाकट्याला उचलून दवाखान्यात नेलं तेही तिनंच. उपयोग झाला नाही. शहर दोन दिवस बंद राहिलं, नगरपालिकेवर मोर्चा गेला, आणि नगरपालिकेनं घाईघाईनं एक पद काढलं. वाहतूक सहायक, तात्पुरते, बायपास पूर्ण होईपर्यंत. बायपास वर्षभरात होणार होता, म्हणून पद वर्षाचं. दर वर्षी मुदतवाढीचा अर्ज करायचा. तो अर्ज पहिल्या वर्षापासून मीच लिहून देत आलो. दुकान तेव्हा नवं होतं, माझ्या डोक्यावर केस होते.

काम कसं करायची ते सांगितल्याशिवाय बाई कळायची नाही. लाल झेंडा घेऊन रस्त्यात उभं राहणं कुणालाही जमेल असं मला वाटायचं. मावशी झेंडा आधी वर करायचीच नाही. तो पायाशी धरून ठेवायची आणि येणाऱ्या गाडीच्या काचेत बघायची. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून एक हात उचलला, तरच झेंडा वर. "गाडी थांबली म्हणजे त्यानं आपल्याला बघितलं असं नसतं," ती म्हणायची. "कधी कधी तो फोन घ्यायला थांबलेला असतो." जुने ड्रायव्हर लांबूनच हात उचलायचे. नव्यांना ती शिकवायची, म्हणजे तोंडाचा पट्टा सोडायची. सहा फुटी माणूस केबिनमधून मान खाली घालून ऐकून घ्यायचा. शाळेतली पोरंही तिला टरकून असत. रस्त्यात कुणी रेंगाळलं की ती ओरडायची, "काय रे, इथंच जेवायला बसतोस का? पान वाढू?"

एकोणीस वर्षांत त्या फाटकासमोर एका पोराला खरचटलंसुद्धा नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण न घडलेली गोष्ट कुणी लक्षात ठेवत नाही. माझ्याही आलं नाही. माझी मुलगी तिसरीत आहे. शाळा दुकानासमोर. मी तिला एकदाही हात धरून पलीकडे सोडलं नव्हतं.

यंदा अर्ज ऑनलाइन झाला.

मावशी नेहमीप्रमाणे जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आली. दुकानात गर्दी होती, नेट रडत होतं, आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. नाव, वय, पद, सगळं भरलं. मग एक रकाना आला. "संबंधित प्रकल्पाची सद्यःस्थिती." पुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. त्यात पर्याय दोन. प्रगतिपथावर, किंवा पूर्ण. मी प्रगतिपथावर केलं. लगेच खाली दुसरा रकाना उघडला, काम सुरू झाल्याची तारीख लिहा. आता जे काम सुरूच झालं नाही त्याची तारीख कुठून आणू? रिकामा सोडला तर पुढे जाईना. मनानं एक तारीख टाकली, तर कार्यारंभ आदेशाचा क्रमांक मागितला. सुरूच न झालेल्या कामासाठी त्या अर्जात जागाच नव्हती. तीनदा सगळं पुसलं गेलं. रांगेतला एक जण म्हणाला, "शेठ, आमचा नंबर बायपास झाल्यावर लागणार का?" सगळे हसले. मी चिडून पूर्ण वर टिचकी मारली. अर्ज लोण्यासारखा पुढे सरकला. कागद छापून मावशीसमोर ठेवला. तिनं सही केली. मी तो स्कॅन करून पाठवला आणि पुढच्या माणसाचे फोटो कापायला घेतले.

खरं सांगतो, मला त्यात काही वाटलं नाही. असल्या रकान्यांत आम्ही रोज काही ना काही भरतो. पिनकोड नसलेल्या वस्तीला शेजारचा पिनकोड देतो, आडनाव नसलेल्याला बापाचं नाव दोनदा देतो. अर्ज पुढे जाणं महत्त्वाचं. हा आमच्या धंद्याचा धर्म आहे, आणि त्या धर्मानं मी त्या दिवशी एक बारा किलोमीटरचा रस्ता बांधून मोकळा झालो.

पाच आठवड्यांनी, एका शनिवारी, मावशी आदेश घेऊन दुकानात आली. म्हणाली, "भाऊ, एक झेरॉक्स काढून दे." मी काचेवर कागद ठेवता ठेवता वाचला. बायपासचे काम पूर्ण झाले असल्याने सदर पद सोमवारपासून संपुष्टात येत आहे. झेंडा, शिट्टी व जॅकेट कार्यालयात जमा करावे.

पूर्ण हा शब्द कुठून आला हे जगात एकट्या मला माहीत होतं. मी मान वर केली नाही. झेरॉक्स काढून दिली. ती काही बोलली नाही, रडली नाही, तक्रार केली नाही. घडी घालून कागद पिशवीत ठेवला आणि गेली. मी मनात म्हटलं, धक्का बसला असेल बिचारीला.

गंमत म्हणजे शहरात अर्ध्या लोकांना ते खरंच वाटलं. शिंपी म्हणाला, "आतून काम चालू असणार, आपल्याला कोण सांगतंय?" फळवाल्यानं तर एका मेव्हण्याचा हवाला दिला, की त्यानं डांबर पडताना पाहिलंय. सरकारी कागदावर छापून आलं की आपल्या लोकांना डोळ्यांची गरज उरत नाही. शहराबाहेर जाऊन बघायला कुणाला वेळ होता? आणि मी? मी तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, अर्ज कुणी भरला? चुकीची माहिती भरली की अर्ज भरायच्या केंद्राचा परवाना जातो. ती ओळ माझ्याच भिंतीवर फ्रेम करून लावलेली आहे.

सोमवारी सकाळी साडेदहाला मावशी आली, पण फुटपाथवर उभी राहिली. झेंडा नाही, जॅकेट नाही, साध्या साडीत ओळखू येईना. चौकातल्या हवालदारानं तिला बजावलं होतं, "मावशी, आता गाडी अडवलीत आणि काही झालं, तर तुमच्या अंगावर येईल. आदेश नाही तुमच्याकडे." ती हात मागे बांधून उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती. शाळेनं फाटकावर सूचना लावली, पालकांनी आपापल्या पाल्याची जबाबदारी घ्यावी. चारशे पोरं, आणि निम्म्यांचे आईबाप त्या वेळी कामावर.

मी दुकान सोडून मुलीचा हात धरला आणि तिला पलीकडे नेलं. परत येतोय तर आणखी सहा पोरं माझ्याकडे बघत उभी. त्यांनाही नेलं. संध्याकाळी पंधरा झाली. मंगळवारी मीच आपला रस्त्यात उभा राहिलो. पोरं म्हणायला लागली, "झेरॉक्सकाका, आम्हाला पण." छाती थोडी फुगलीच माझी. वाटलं, चूक भरून निघतेय. कुणाला काही सांगायची गरज नाही.

तरी बुधवारी दुपारी नगरपालिकेत जाऊन आलो. बडे बाबू, म्हणजे तिथले हेडक्लार्क, ओळखीचे. मी आडून आडून विचारलं, समजा एखाद्या अर्जात चुकून पूर्ण पडलं असेल तर? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पूर्ण झालेलं काम मागे घेता येत नाही हो. त्याला जागेवर तपासणी लागेल, अर्जदाराच्या सहीचं पत्र लागेल, आणि ज्यानं भरलं त्याचा जबाब." मग हळूच म्हणाले, "का? कुणी भरलं होतं?"

"नाही, सहज," म्हणून मी जिना उतरलो. हे लिहितानाही लाज वाटते, पण उतरलो.

गुरुवारी पाच वाजता शाळा सुटली. माझ्यामागे वीस-पंचवीस पोरं होती, सगळ्यांत पुढे माझी मुलगी, कारण बाप रस्त्यात उभा म्हणून ती ऐटीत होती. उजवीकडून लोखंडी पाइप लादलेला लांब ट्रक आला. मी हात वर केला. ट्रक थांबला. ड्रायव्हरनं मला बघून हातही उचलला. मावशीचा नियम पाळल्याच्या समाधानात मी म्हणालो, "चला, पळा!"

फुटपाथवरून मावशीची किंकाळी आली. शब्द नव्हता, नुसता आवाज. ती कंबरेत वाकली होती आणि ट्रकच्या खालून पलीकडे बघत होती. मला कळेना ही करतेय काय. पुढच्या क्षणी ती माझ्या अंगावरून गेली, मुलीच्या दप्तराचा पट्टा धरून तिला मागे फेकलं आणि स्वतः दोन्ही रिकामे हात वर करून पुढे झाली. थांबलेल्या ट्रकला वळसा घालून, त्याच्या आडून, एक पांढरी व्हॅन भरधाव बाहेर आली. ब्रेकचा आवाज शाळेच्या भिंतीवर आपटला. व्हॅनचा आरसा मावशीच्या कोपराला लागून तुटला. ती पडली नाही. हात वर तसेच.

माझी मुलगी डांबरावर बसून रडत होती. गुडघा फुटला होता, बाकी काही नाही. मी तिला उचलून कडेवर घेतलं. मावशी माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक.

"थांबलेल्या ट्रकला कशाला घाबरायचं, भाऊ?" ती म्हणाली. "मागचा तुला दिसतो का? खाली वाकून चाकं बघायची असतात!"

एकोणीस वर्षं ती दर ट्रकला किंचित वाकायची. मला वाटायचं, तिची कंबर दुखते.

व्हॅनवाला आरशाचे तुकडे गोळा करत आरडाओरडा करत होता. कोण ही बाई, कुणी अधिकार दिला, माझी गाडी का अडवली? तो तडक चौकीवर गेला. हवालदाराचा नाइलाज होता. त्यानं लिहून घेतलं, अधिकार नसताना वाहतूक अडवली, वाहनाचं नुकसान. मंगळवारी मावशीला खुलासा द्यायला बोलावलं. मुलीला वाचवणारी बाई चौकीवर जाणार आणि तिला तिथं पोचवणारा मी तिच्या शेजारी उभा राहून मान हलवत होतो.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती मुलीच्या गुडघ्याला पट्टी लावत होती. हात थांबला तिचा. एवढंच म्हणाली, "सकाळी जाणार आहेस ना?"

शुक्रवारी नगरपालिका उघडायच्या आधी मी पायरीवर होतो. बड्या बाबूंसमोर जबाब लिहून दिला. सदर माहिती मी भरली, ती खोटी आहे, अर्जदाराचा त्यात दोष नाही. परवान्याचं काय होणार हे विचारलं नाही. बाबूंनी मान खाली घालून शिक्का मारला, आणि मग भल्या माणसानं फोनवर फोन करून तपासणी त्याच दिवशी लावून घेतली. बांधकाम खात्याची कनिष्ठ अभियंता आली. तरुण पोरगी, बुटांवर धूळ, वागायला कडक. तिच्या जीपमधून आम्ही गेलो.

बावीस वर्षांत मीही पहिल्यांदाच तिथं जात होतो. बोर्डाचे नुसते दोन खांब उरले होते. पुढे दगड. एकावर कुणी शर्ट वाळत घातला होता. दोन दगडांमध्ये वांग्यांचा वाफा होता, पुढे गवत, पुढे एक म्हैस. अभियंता चारी बाजूंना फोटो काढत चालत राहिली. शेवटी बोनेटवर कागद ठेवून तिनं लिहिलं, "जागेवर कोणतेही काम आढळले नाही."

"हे होणार आहे का कधी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली. मला हा रस्ता झालेल्या कामांच्या यादीत दिसला तेव्हा मला वाटलं होतं, चला, एक तरी झाला."

आता उरली होती मावशीची सही. ती मिळाली की सोमवारी नवा आदेश, आणि तो चौकीवर दाखवला की खुलाशाचं प्रकरणही मिटेल असं बाबू म्हणाले होते. संध्याकाळी पत्र घेऊन मी तिच्या घरी गेलो. लॉन्ड्रीच्या मागे दोन खोल्या. मावशीचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे, आता कान गेल्यामुळे घरीच असतात. ते कॉटवर बसून एका मशीनचा सुटा भाग पुसत होते. मावशी खाली सतरंजीवर, कोपराला पट्टी, हात मांडीवर ठेवलेला.

वाटेत जुळवलेलं सगळं भाषण मी विसरलो. उभ्या उभ्याच बोललो. "मावशी, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. अर्जात पूर्ण मी टाकलं. नुसता अर्ज पुढे जाईना म्हणून. आठवडाभर मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. आता जबाब दिलाय, तुमची सही झाली की सोमवारी परत कामावर घेतील. माझ्या पोरीला तुम्ही ओढलंत, नाहीतर..." मी तिच्या शिव्यांची वाट बघत होतो. तिच्या तोंडाचा पट्टा मला ठाऊक होता, आणि त्या क्षणी मला तो हवाही होता.

तिनं सतरंजीची कड दाखवून मला बसायची खूण केली.

"मी वाचलं होतं ते," ती म्हणाली.

"काय?"

"पूर्ण. सही करायच्या आधी वाचलं होतं. मला वाचता येतं, भाऊ."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत? नोकरी जाणार हे कळलं नाही तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? एकोणीस वर्षं तेच लिहिलेलं आहे आदेशात." तिनं पट्टीवरून हात फिरवला. "मला वाटलं, झाला. तू रोज सरकारी कागद बघणारा माणूस, तुला आमच्या आधी कळलं असेल. घरी येऊन यांना सांगितलं. कानाजवळ तोंड नेऊन ओरडून सांगितलं, झाला हो रस्ता. आता ट्रक बाहेरून जातील." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी मी लवकर झोपले. गाढ झोपले. ती दोन भावंडं गेली तेव्हापासून मला कधी झोप नव्हती नीट."

मी सतरंजीवर बसलो.

"आदेश येईपर्यंत म्हटलं, उद्घाटन राहिलं असेल, म्हणून अजून ट्रक येतायत. सोमवारी म्हटलं, नवा रस्ता अजून सगळ्यांना ठाऊक नसेल. मंगळवारी म्हटलं, उद्या कमी होतील. फुटपाथवर उभी राहून मोजत होते मी. बुधवारी जास्त आले." मग तिनं मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे झालाच नाही?"

"नाही, मावशी."

"थोडासुद्धा नाही? अर्धा, एका बाजूनं?"

"आज बघून आलो. दगड आहेत नुसते."

यजमानांना काही ऐकू आलं नव्हतं. ते आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतोय तो? कामावर घेतलं का परत?"

मावशीनं मान डोलावली. ते लहान पोरासारखे हसले, हातातला भाग खाली ठेवून त्यांनी मला नमस्कार केला.

मी पत्र पुढे केलं. बायपास पूर्ण झालेला नाही, असं त्यात तीन ओळींत लिहिलं होतं. तिनं ते बोट ठेवून सावकाश वाचलं. उजवा हात वळत नव्हता, म्हणून मनगट डाव्या हातानं धरून सही केली. पेन मला परत दिलं आणि पदर तोंडाला लावला. ती रडली, आवाज न करता, बराच वेळ. शेजारी तिचा नवरा तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होता, "अगं, आता कशाला रडतेस? मिळाली ना नोकरी!"